एकच हत्यार घ्यायचं म्हणतोस तर

बाबू,

तुझा लांबलचक मेसेज परवा रात्री वाचला, चष्मा सापडत नव्हता म्हणून सकाळी परत वाचला. पिस्तूल ग्लॉक कंपनीचं घेऊ की सिगचं, गोळी नऊ एमएमची की पॉइंट फॉर्टी फाइव्हची, स्टॉपिंग पॉवर, म्हणजे समोरच्याला थांबवायची ताकद, कोणाची जास्त. पोट्ट्या, हे सगळं तू अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहून लिहिलं हे मला दुसऱ्याच ओळीत समजलं. तिकडच्या माणसापुढं दुकानात शंभर हत्यारं मांडलेली असतात, त्याचा प्रश्न असतो कोणतं उचलू. आपला प्रश्न वेगळाच आहे, आपल्याला लायसन्सवर मिळतं काय आणि त्याच्या गोळ्या वर्षभर पुरतात का.

नऊ एमएमचं पहिले डोक्यातून काढ. आर्म्स ॲक्ट १९५९ चा आहे, त्याचे सध्याचे नियम २०१६ चे, आणि त्यात जी हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर, सर्व्हिसची नऊ एमएम चालवते, किंवा .३८० आणि .४५५ ची रिमवाली, बुडाला कड असलेली काडतुसं चालवते, ती प्रोहिबिटेड बोरमध्ये येते; बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. म्हणजे जे काडतूस फौज-पोलीस वापरतात ते तुझ्या-माझ्या घरात नको, असा सरळ हिशोब. मी नोकरीत सव्वीस वर्षं काढली, शेवटची नऊ तर आर्मरीतच, म्हणजे शस्त्रागारात, नऊ एमएम उघडूनझाकून हाताला घट्टे पडले, आणि रिटायर होऊन गावी आलो तर मलाही बत्तीस बोरच घ्यावं लागलं. पॉइंट फॉर्टी फाइव्ह कायद्यात बसतं, पण जे मिळतं ते जुनं, कोणाच्या तरी आजोबाच्या काळातलं इम्पोर्टेड, भाव लाखांत आणि गोळी शोधायला चार राज्यं फिर. ते शौकीन माणसाचं काम.

तर राहिलं बत्तीस. आता इथं एक गोष्ट नीट ऐक, कारण यात शिकलेसवरलेले लोकही फसतात. बत्तीस बोर, म्हणजे .३२ इंच, हे एकच काडतूस नाही, दोन आहेत. एक रिव्हॉल्वरचं, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, लांबट, खाली पूर्ण कड असलेलं, त्याची केस, म्हणजे पितळी नळकांडं, २३ मिलिमीटरच्या वर. दुसरं पिस्तुलाचं, .३२ एसीपी, ब्राउनिंग साहेबानं १८९९ च्या सुमाराला काढलेलं, आखूड, केस १७ मिलिमीटरच्या आसपास. गोळीची जाडी जवळजवळ सारखीच, म्हणून पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्वरच्या भोकात बसतंसुद्धा, आणि बसतं म्हणून कोणी टाकूनही पाहतो. टाकायचं नाही. दुकानात जाशील तेव्हा नुसतं "बत्तीसच्या द्या" म्हणू नको, रिव्हॉल्वरच्या का पिस्तुलाच्या ते सांग आणि डब्बी स्वतः वाचून घे.

ताकदीचं म्हणशील तर रिव्हॉल्वरची गोळी ९८ ग्रेन, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या थोडं वर, सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे मीटरनं जाते, ऊर्जा दीडशे ज्यूलच्या अलीकडंपलीकडं. पिस्तुलाची गोळी हलकी, ७१ ग्रेन, पण जोरात, तिची ऊर्जा थोडी जास्त. नऊ एमएमची साडेचारशेच्या वर. हे आकडे पाहून तुझं तोंड उतरलं असेल, मला माहीत आहे. पण बत्तीसला धक्का नसल्यासारखाच असतो, त्यामुळं नवीन माणूस डोळे मिटत नाही, दुसरी गोळीही पहिलीच्या जवळ जाते. मी रेंजवर धिप्पाड धिप्पाड जवान पाहिले जे मोठ्या बोरला घाबरून चाप ओढायच्या आधीच मनगट खाली दाबायचे आणि टार्गेटच्या खालची माती उडवायचे.

बरं, तू लिहिलं की पेट्रोल पंपाची कॅश घेऊन रात्री पांढरकवड्यावरून यावं लागतं म्हणून जवळ ठेवायला पाहिजे, आणि रविवारी रेंजवर तेच वापरायचं. आणि शेवटी हळूच एक ओळ टाकली, वावरात जागलीला गेलो की वाघाची भीती असते. ही ओळ तू शेवटी लिहिली पण मी पहिली धरतो. आपला तो भाग टिपेश्वर अभयारण्याच्या कुशीतला, २०१८ ला टी-१ वाघिणीची राळेगाव-पांढरकवड्याकडं काय दहशत होती ती तू शाळेत असताना पाहिलीच. वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर, यातल्या एकाही जनावरापुढं बत्तीस बोर कामाचं नाही. जखमी डुक्कर अंगावर येतं, आणि वाघाला लागली तर वाइल्डलाइफचा १९७२ चा कायदा तुझ्या मागं लागतो, जीव वाचवायला केलं हे सिद्ध करत बस मग. पिकासाठीच पाहिजे असेल तर कायद्यातच वेगळी सोय आहे, पीक राखायला ठासणीची बंदूक, नाहीतर वीस इंचाच्या वर नळीची बारा बोर, तो अर्जच वेगळा. तुझ्या आज्याजवळ भरमार, तीच ठासणीची, होती, ती बहुतेक अशाच कागदावर असेल. आणि खरं सांगू, जागलीला दोन जणं, मोठी बॅटरी, डब्बा वाजवायला आणि बसायला उंच मचाण, याच्यापुढं हँडगन काहीच नाही. रोही, म्हणजे नीलगाय, तर फटाक्यालाही आता भीत नाही, ते सोड.

मग उरलं कॅशचं आणि रेंजचं. इथं माझं मत पक्कं आहे आणि ते तुला आवडणार नाही. एकाच हत्यारात ही दोन्ही कामं पूर्ण होत नाहीत, एक होतं आणि दुसरं भागतं. जवळ बाळगायचं रिव्हॉल्वर तीन इंची नळीचं, नेम धरायची टोकावरची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर वीतभरही नाही, डबल ॲक्शनचा, म्हणजे घोडाही स्वतःच चढवणारा चाप लांब आणि जड. मॅचमधलं पिस्तूल पाहशील तर चापाचं वजन एक किलोच्या थोडं वर सेट केलेलं, लाकडी मूठ हाताच्या मापानं कोरलेली, खिशात काय पोत्यातही मावायचं नाही असं. गंमत म्हणजे ज्या बत्तीसला तू कमी समजतो तेच .३२ लाँग २५ मीटर सेंटर फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत जगभरातले नेमबाज वापरतात, फक्त त्यात चपट्या नाकाची वॅडकटर गोळी असते, कागदाला गोल स्वच्छ भोक पाडते. त्या इव्हेंटला बोर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरच्या मधला लागतो. जसपाल राणानं १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये सुवर्ण मारलं ते सेंटर फायरलाच. म्हणजे काडतूस खराब नाही, आपल्या हातातला लोखंडाचा तुकडा वेगळ्या कामाचा आहे.

त्यात गोळ्यांचा हिशोब कर. सेंटर फायरची एक मॅच ६० गोळ्यांची, तीस सावकाश, तीस वेळेत. तुझ्या लायसन्सवर वर्षाला किती राउंड घ्यायचे ते लिहून येतं, आणि ते किराण्यासारखं नसतं की संपलं की आणलं. दर रविवारी पन्नास वाजवले तर संक्रांतीला घेतलेला कोटा होळीपर्यंतही टिकत नाही, मग वर्षभर कंबरेला रिकामं ओझं. म्हणून प्रॅक्टिस दुसरीकडं कर. साधं .१७७ चं एअर पिस्तूल घे, त्याला लायसन्स लागत नाही, छर्रे पाचशेची डब्बी काही शे रुपयांत येते, गोठ्यामागं दहा मीटर मोजून, मागं भुश्याची पोती रचून टार्गेट लाव. मनू भाकरनं पॅरिसला २०२४ मध्ये दोन ब्रॉंझ आणले ते दहा मीटर एअर पिस्तुलाचेच, त्यामुळं खेळणं समजू नको. हात बसला की रायफल असोसिएशनचा मेंबर हो, क्लबमध्ये .२२ चालवायला मिळते.

हे सगळं करूनही एक घ्यायचंच असेल तर रिव्हॉल्वर घे, .३२ लाँगचं. पिस्तूल सपाट असतं, शर्टाखाली दिसत नाही, गोळ्या एक-दोन जास्त मावतात, हे सगळं कबूल. माझ्याजवळही पहिले पिस्तूलच होतं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, दुपारची वेळ, ओसरीवर चटई टाकून साफ करायला बसलो. आयुष्यभर पोरांना शिकवलं, पहिले मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी काढा, मग स्लाइड, म्हणजे वरचं सरकतं लोखंड मागं ओढा, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागं गोळी बसते तिथं, बोट घालून पाहा. त्या दिवशी शेजारचा फोनवर आला, सोयाबीनच्या भावाचं बोलणं, आणि मी बोलता बोलता पहिले स्लाइड ओढली, एक गोळी बाहेर पडली, स्लाइड सोडल्याबरोबर दुसरी आत गेली, आणि मग मॅगझिन काढलं. हातात काढलेलं मॅगझिन पाहून माझ्या डोक्यात हत्यार रिकामं झालं. घोडा उतरवायला चाप ओढला. गोळी समोरच्या तुरीच्या पोत्यात गेली. पोतं होतं म्हणून, नाहीतर त्याच्यामागं स्वयंपाकघराची पातळ भिंत. बायको बाहेर आली, पोत्यातून तुरीची बारीक धार खाली पडत होती, ती पाहिली, आत गेली, आठ दिवस बोलली नाही. ती तूर तिनं घरात शिजवू दिली नाही, बाजारात विकायला लावली. नऊ वर्षं आर्मरीत बसलेल्या माणसाचं हे.

रिव्हॉल्वरला तसं नाही. आपलं कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं मॉडेल मधून मोडतं, खटका दाबला की नळी खाली वाकते, सहाही भोकं तोंडासमोर, मधला चांदणीसारखा तुकडा वर येऊन रिकाम्या केसेस बाहेर फेकतो. आतून उजेड दिसला की रिकामं. २०१४ ला निर्भीक म्हणून हलकं आलं, टायटॅनियमचं, अर्ध्या किलोच्या आसपास. २०२३ ला प्रबल आलं, त्याचा सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं चाक, बाजूला उघडतो. मला विचारशील तर फार हलकं नको, थोडं वजन असलं की माशी कमी हलते. बाकी कोणतं ते तुझी बोटं ठरवतील. मूठ पकडल्यावर तर्जनीचं पहिलं पेर चापाच्या मधोमध आलं पाहिजे, ओढून ताणून नाही. गोळी फुसकी गेली, आवाज दबका वाटला, तर लगेच दुसरी मारू नको, पहिली नळीतच अडकलेली असू शकते. आणि ठक्क वाजून काहीच झालं नाही तर नळी टार्गेटकडंच धरून अर्धा मिनिट थांब, मग उघड.

आपल्याकडच्या उन्हाचंही लक्षात ठेव. मे महिन्यात बोलेरोच्या डॅशबोर्डमध्ये गोळ्या ठेवायच्या नाहीत, आणि पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यात तर मुळीच नाही. चामडं कमावायला जे वापरतात त्यानं पितळेला हिरवा गंज धरतो, मग काडतूस भोकात जाताना अडतं. माझ्या पट्ट्यातली सहा तशी खराब झाली, कोट्यातल्या सहा. घरी प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेव, हत्यार वेगळ्या कुलपात.

जवळ बाळगायचं म्हणजे होल्स्टरमध्ये, कंबरेच्या म्यानात, झाकलेलं. लग्नात, पोळ्यात, कोणाच्या वरातीत काढून हवेत वाजवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनं हर्ष फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मित्र "दाखव ना बे एकदा" म्हणतील, त्यांना सांग घरी ठेवलं. आणि इलेक्शन लागलं की ठाण्यातून जमा करायला सांगतात, महिना-दीड महिना हत्यार तिकडं, पावती तुझ्याकडं. लोकसभा, विधानसभा, मग झेडपी. त्या काळात कॅश कशी आणशील ते आधी ठरव, कारण जो बंदोबस्त तेव्हा चालतो तोच बारा महिने का नाही चालत, हे मी तुझ्या बाबांनाही विचारलं होतं. रोज वेगळी वेळ, वेगळा रस्ता, सोबत एक माणूस, जमेल तेवढा भरणा दिवसा बँकेत. त्यांना ते पटलं नाही, हत्यार असलं की बरं वाटतं म्हणाले. वाटतं, हे खरं.

आणि काढायची वेळ आलीच तर स्वसंरक्षणाचा हक्क आता न्याय संहितेत ३४ ते ४४ कलमांत आहे, पण त्यातच लिहिलंय की बचावाला लागतं त्याहून जास्त नुकसान करायचं नाही. बॅग हिसकून पळणाऱ्याच्या पाठीत मारलेली गोळी तू कोर्टात कशी समजावशील, ते त्या रात्री रस्त्यावर नाही, आज घरी बसून विचार कर.

अर्ज कलेक्टर ऑफिसला कर, वय २१ पूर्ण पाहिजे, पोलिसांचा रिपोर्ट येईल, ठाणेदार घरी येऊन शेजारीपाजारी विचारतील. मेडिकल आणि हत्यार सुरक्षित वापरण्याच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आधीच तयार ठेव. फाइल महिनोन्महिने फिरते, चिडू नको, आणि कोणी मधल्या काळात देशी कट्टा आणून देतो म्हटलं तर त्याचा नंबर डिलीट कर.

तोपर्यंत घरी एक काम कर. एअर पिस्तूल रिकामं, हात सरळ, माशीच्या मागं नळीवर एक रुपयाचा शिक्का आडवा ठेव, आणि चाप असा ओढ की शिक्का पडला नाही पाहिजे. पहिल्या दिवशी दहातले आठ पडतील. ज्या दिवशी दहाही राहतील त्या दिवशी मला फोन कर, कापूस वेचणी उरकली असेल तर नागपूरला रेंजवर सोबत जाऊ. माझं रिव्हॉल्वर हातात धरून पाहतो म्हणू नको, ते लायसन्स माझ्या नावाचं आहे, तुझ्या हातात देता येत नाही.

आईला नमस्कार सांग. आणि शिक्का जुना जड घे, नवीन हलका पंख्याच्या वाऱ्यानंही पडतो.

तुझा काका