‘तीन महिने पथ्य करतो, मग गोळी लागणार नाही ना?’

कोलेस्टेरॉल वाढल्याचा रिपोर्ट घेऊन आहारसल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: खाणे बदलून हे आकडे खरोखर उतरतात का, आणि उतरलेच तर गोळी टळेल का? त्याचे उत्तर एका गृहस्थांच्या अनुभवातून सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय ४६, बैठे काम, तंबाखूचे व्यसन नाही, मधुमेह नाही, रक्तदाब ठीक. मात्र वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आलेला. घरातल्या लग्नानंतर लगेच केलेल्या तपासणीत एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १७६ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) ३३० निघाले होते. डॉक्टरांनी आहारासाठी तीन महिने दिले आणि एलडीएल १०० च्या खाली आणायचे हे ध्येय आधीच सांगून ठेवले. पथ्य सुरू करण्यापूर्वी, डॉक्टरांच्या संमतीने, त्याच प्रयोगशाळेत बारा तास उपाशी राहून पुन्हा तपासणी करायला मी सुचवले. या वेळी आकडे १५८ आणि २६२ आले. तोवर ताटातला एक घासही ठरवून बदललेला नव्हता. पहिल्याच रिपोर्टवरून मोजायला लागलो असतो, तर ही सगळी घट आम्ही पथ्याच्या नावावर जमा केली असती. आहाराचा परिणाम तपासायचा असेल तर सुरुवातीचा आकडा पक्का हवा, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

मग त्यांनी आठवडाभर खाण्याची नोंद ठेवली. अंडी आणि शेंगदाणे त्यांनी भीतीपोटी आधीच बंद केले होते, पण सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर खारी किंवा बटर, दिवसाला चार गोड चहा, सायीचे दूध, वरणभातावर न मोजता वाढलेले तूप आणि आठवड्यातून दोन उपवासांना साबुदाण्याची खिचडी हे सारे बिनबोभाट चालू होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “मॅडम, भाजीतलं तेल तर मी निम्मं केलंय, मग वाढतंय कशानं?” वाढत होते ते या नजरेआडच्या खाण्याने.

रक्तातले एलडीएल उचलून नेण्याचे काम मुख्यतः यकृत करते, आणि साय, तूप, वनस्पती तूप, पामतेल यांतले संपृक्त मेद जास्त झाले की यकृताची ती क्षमता मंदावते. बहुतेकांच्या बाबतीत अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा या मेदाचा परिणाम मोठा असतो. उलट कडधान्ये, ओट्स आणि इसबगोल यांतले विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू आतड्यात पित्ताम्लांना, म्हणजे मेद पचवण्यासाठी यकृताने बनवलेल्या आम्लांना, धरून बाहेर नेतात, आणि नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी यकृताला रक्तातलेच कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. ट्रायग्लिसराइडचे गणित वेगळे आहे. ते साखर, मैदा, साबुदाणा, मद्य आणि पोटावरची चरबी यांना फार लवकर प्रतिसाद देते.

त्यानुसार बेकरीचे पदार्थ थांबवले, चहातली साखर टप्प्याटप्प्याने काढली, तूप चमच्याने मोजून घ्यायला सांगितले. रोज एका जेवणात मूग, मटकी किंवा चवळीची उसळ, भाकरीबरोबर जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे आणि भरपूर पाण्याबरोबर इसबगोल आले. उपवासाला खिचडीऐवजी ताक, फळे आणि राजगिरा ठरला. चालणे पूर्वीपासून होते, तेवढेच ठेवले.

आहार गोळीइतकाच परिणाम करतो, असे त्यांच्या वाचनात आले होते. त्यामागचा प्रयोग खरा आहे. टोरांटोतील डेव्हिड जेनकिन्स यांच्या गटाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सोया, बदाम, विद्राव्य तंतू आणि वनस्पतिज स्टेरॉल असलेल्या आहाराने चार आठवड्यांत एलडीएल सुमारे २९ टक्के उतरले, आणि स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या गोळीने सुमारे ३१ टक्के. पण तिथे जेवण पुरवले जात होते. पुढे सहा महिने लोकांनी केवळ सल्ल्यावरून घरी तसा आहार घेतला, तेव्हा घट १३-१४ टक्क्यांच्या आसपास राहिली. म्हणून १५८ वरून १०० च्या खाली जाणे एकट्या आहाराला जड जाईल, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितले होते.

तीन महिन्यांनी वजन चार किलोने कमी झाले होते, ट्रायग्लिसराइड १६० वर आले होते आणि एलडीएल १३६ वर. माझ्या दृष्टीने हे उत्तम यश होते. पण वडिलांचा इतिहास लक्षात घेऊन डॉक्टरांनी स्टॅटिनची लहान मात्रा सुरू केली. ते गृहस्थ अगदी खचून म्हणाले, “एवढं करून गोळी लागणारच होती, तर केलं कशाला?”

मी त्यांना फ्रान्समधल्या ल्यों येथे १९८८ साली सुरू झालेल्या अभ्यासाविषयी सांगितले. झटका येऊन गेलेल्या सहाशेंहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना भाज्या, फळे, कडधान्ये आणि जवसात असते तेच अल्फा-लिनोलेनिक आम्ल नावाचे मेदाम्ल असलेला आहार दिला गेला. दोन्ही गटांचे कोलेस्टेरॉल जवळपास सारखेच राहिले, तरीही आहार बदललेल्या गटात पुन्हा झटका येण्याचे आणि हृदयविकाराने मृत्यू होण्याचे प्रमाण बरेच कमी होते. अभ्यास छोटा होता. पण आहाराचे सगळेच काम कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, असे मला त्यावरून ठामपणे वाटते.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. ज्यांना झटका येऊन गेला आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांचे एलडीएल १९० च्या वर आहे, त्यांनी ‘आधी आहार करून पाहू’ म्हणून गोळी लांबवू नये, आणि चालू गोळी पथ्याच्या भरवशावर स्वतःहून थांबवू नये.

गोळी सुरू झाल्यानंतरच्या तपासणीत त्यांचे एलडीएल ८८ आले. तेव्हा त्यांनी विचारले, “आता खारी चालेल का?” मी सांगितले की ही गोळी मुख्यतः एलडीएल उतरवते, ट्रायग्लिसराइडवर तिचा परिणाम माफक असतो, २६२ चे १६० झाले ते ताटातल्या बदलामुळे, आणि तो बदल सोडला तर तो आकडा काही आठवड्यांतच पुन्हा चढू लागेल. सणावारी एखादी खारी खायला माझी हरकत नाही, रोजच्या चहाबरोबर मात्र भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणेच राहू द्या.