कार्बनचं बजेट म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: शहरं हल्ली 'कार्बन बजेट' मांडतात असं वाचलं. म्हणजे प्रदूषणासाठी वेगळे पैसे ठेवतात का? आणि 'अमुक सालापर्यंत उत्सर्जन शून्य' अशी घोषणा आधीच झालेली असताना हे परत कशाला?

उत्तर: पैसे नाही हो, टन. नावच फसवं आहे. तापमानवाढ १.५ अंशाच्या आत राहायची निम्मी तरी शक्यता हवी असेल तर २०२०च्या सुरुवातीपासून पुढे एकूण साधारण ५०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडून चालेल असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे, आणि जग वर्षाला ४० अब्ज टनांच्या आसपास सोडतं, म्हणजे शिल्लक कशी संपतेय ते तुम्हीच बघा. या शिलकीतला आपला वाटा काढून शहर म्हणतं, आम्हाला एवढंच, याच्या वर नाही.

मँचेस्टरने स्वतःसाठी २०१८ ते २१०० मिळून दीड कोटी टन ठरवले. ८० वर्षांना! तेव्हा शहर वर्षाला साधारण २० लाख टन सोडत होतं, म्हणजे काहीच बदललं नसतं तर सात-आठ वर्षांत खडखडाट. म्हणून मग दरवर्षी १३ टक्के कपात असं गणित निघालं. नुसत्या घोषणेत 'बघू पुढे' म्हणत ढकलता येतं, इथे यंदा जास्त सोडलं तर तेवढं पुढच्या वर्षांच्या वाट्यातून जातं.

नॉर्वेची राजधानी ओस्लो, तिचा प्रकार जरा वेगळा आणि मला विचाराल तर जास्त कामाचा. २०१७ सालासाठी त्यांनी पहिलं क्लायमेट बजेट मांडलं तेच मुळी पैशांच्या बजेटसोबत, त्यामुळे कुठल्या उपायाने किती टन कमी होणार आणि ते कुठल्या खात्याने करायचं हे अर्थखात्यासमोर येतं. पर्यावरण विभागाची फाइल बाजूला सारता येते, अर्थखात्याची नाही ना!

प्रश्न: पण गाड्या लोकांच्या, कारखाने लोकांचे. पालिकेच्या हातात असतं तरी काय?

उत्तर: निम्मं खरंय. पालिकेच्या स्वतःच्या इमारती, गाड्या यांचा वाटा छोटाच असतो. पण पार्किंग, बस, कचरा आणि टेंडर यातलं बरंच तिच्याकडे असतं. ओस्लोने पालिकेच्या बांधकामांच्या टेंडरमध्येच डिझेलऐवजी विजेवर चालणाऱ्या मशिनरीला झुकतं माप दिलं, मग ठेकेदारांनी आणली. सगळंच जमतं असं नाही, कचरा जाळणारा तिथला मोठा प्लांट हा एकाच ठिकाणाहून होणाऱ्या उत्सर्जनाचा सगळ्यात मोठा स्रोत, त्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा प्रकल्प खर्च वाढला म्हणून २०२३मध्ये थांबवावा लागला होता, नंतर परत सुरू केला.

आणि एक, असं बजेट वाचताना त्यात काय धरलेलं नाही ते आधी शोधा. बाहेर बनून शहरात आलेल्या वस्तूंचं उत्सर्जन बहुतेक वेळा नसतंच. मँचेस्टरच्या त्या दीड कोटी टनांत विमानप्रवास नाहीये, विमानतळाला मात्र शहराचंच नाव आहे.