बाबांच्या वह्या रद्दीत द्यायच्या का?

प्रश्न : माझे बाबा कविता लिहायचे, दोन संग्रह आलेत त्यांचे. मागच्या वर्षी ते गेले. घर आवरताना तीन पेट्या निघाल्या, वह्या, लोकांची पत्रं, मागे कविता लिहिलेली लाइटबिलंसुद्धा. एका बिलावर तर एकच ओळ सात वेळा लिहून खोडलीय. घरचे म्हणतात पुस्तकं ठेव, बाकी रद्दीत दे. ग्रंथालयवाले घेतात का हो असं काही? आणि देण्याआधी सगळं नीट लावून ठेवू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, आधी रद्दीवाल्याला नाही म्हणून सांगा, बाकीचं मग बघू. पुस्तकात लोकांना आठवी ओळ दिसते, आधीच्या सात फक्त तुमच्या पेटीत आहेत, आणि बिलावर महिना नि वर्ष छापलेलं असतं म्हणजे त्यावरचं लिखाण त्याआधीचं नाही हेही कळतं, अभ्यास करणाऱ्याला असा कागद सोन्यासारखा वाटतो हो.

लावायचं म्हणाल तर लावू नकाच. कुठलं पत्र कुठल्या वहीत ठेवलेलं होतं यालाही अर्थ असतो, तारखेनं लावायला गेलात की तो गेला. जसं आहे तसं मोबाइलवर फोटो काढा नि पेटीवर नंबर टाका, बस. सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढा, नाही निघाल्या तर राहू द्या. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर लागतो ना, त्या खोलीत पेट्या ठेवू नका, त्या ओल्या हवेनं बुरशी धरते, आतल्या खोलीत जमिनीपासून वर आणि भिंतीला न टेकवता ठेवा म्हणजे वाळवीही लवकर पोचत नाही.

कुठं द्यायचं? सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ पासूनची संस्था, तिथं विचारा, विद्यापीठाच्या ग्रंथालयातही विचारा. मुंबईच्या कवींचे कागद पार अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जपून ठेवलेत, आपल्या माणसाचे आपल्याच गावात राहिले तर मला फार बरं वाटेल. पण नुसतं टेबलावर ठेवून येऊ नका. कुठं ठेवणार, कोण बघू शकेल, यादी कोण करणार, हे विचारा आणि लेखी घ्या. घरगुती पत्रं अमुक वर्षं उघडायची नाहीत अशी अटही घालता येते, संकोच करू नका.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, कागद दिले म्हणजे कॉपीराइट दिला असं होत नाही. बाबांनी दुसऱ्या कुणाला लिहून दिला नसेल तर छापलेल्या कवितांचा हक्क ते गेल्यानंतर ६० वर्षं वारसांकडे असतो, तो द्यायचा तर वेगळं लिहून द्यावं लागतं. आणि बाबांना आलेल्या पत्रांचा कागद तुमचा, पण मजकूर लिहिणाऱ्याचा, म्हणून ती छापायची तर त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा.

बाबांचा मोबाइल अजून कुणाला फॉरमॅट करून दिला नाही ना? शेवटच्या वर्षांतल्या ओळी त्यात असतील, मेसेजमध्ये नाहीतर नोट्समध्ये, पासवर्ड लिहून मोबाइलही पेट्यांसोबतच ठेवा.