ऑफिसातून घरी जाताना मधेच वळसा पडला की चिडचिड होते. त्यात गंमत कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर काम करून निघाल्यावर अर्ध्या वाटेत ‘रस्ता बंद’चा फलक दिसला की डोकं फिरतं, आणि अशा वेळी काहीजण हसतात तरी कसे हे कळत नाही. मला एकच उपाय ठाऊक आहे: घड्याळाकडे बघणं सोडून आजूबाजूच्या माणसांकडे बघायचं. त्याआधी घरी फोन करून उशीर होतोय हे सांगून टाकायचं. कुणी वाट बघतंय ही टोचणी असेपर्यंत हसू येत नाही, मला तरी कधी आलं नाही.

आमच्या बसमध्ये घडलेलं सांगते. जलवाहिनी फुटली होती, म्हणून पोलिसांनी बस एका अरुंद रस्त्याला वळवली. ड्रायव्हरला तो भाग नवा. पहिल्या वळणापर्यंत सगळे गप्प, माना मोबाइलमध्ये. दुसऱ्या वळणावर पुढून कुणीतरी म्हणालं, “डावीकडे घ्या.” लगेच मागून आवाज आला, “डावीकडे नको, झाडाच्या फांद्या खाली आल्यात, बस अडकेल!” मग सगळ्यांनाच कंठ फुटला. एक आजी ठामपणे म्हणाल्या, “विहिरीपाशी वळा, मी लहानपणी इथेच राहायचे.” विहिरीच्या जागी आता सात मजली इमारत होती. आजींनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, “बरं, मग इमारतीपाशी वळा.” कंडक्टरसकट सगळे हसले, आजी सगळ्यांत जास्त.

आणि रस्ता खरंच तिथूनच होता.

थोडं पुढे गेल्यावर खिडकीशी बसलेले चष्मेवाले गृहस्थ ताडकन उभे राहिले. “अहो, हे तर माझं घर!” एरवी ते थांब्यावर उतरून पंधरा मिनिटं चालत जायचे. कंडक्टरने लगेच घंटी मारली, बस त्यांच्या दारात थांबली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक छोटी मुलगी उभी होती. ती आत बघून जिवाच्या आकांताने ओरडली, “आई, बाबांनी बस आणली!”

ड्रायव्हरने तिच्यासाठी खास एक हॉर्न दिला. आम्ही खिडक्यांतून तिला हात केले. पुढचा सगळा रस्ता लोक एकमेकांशी बोलत होते. मी जवळजवळ पाऊण तास उशिरा घरी पोचले आणि चप्पल काढायच्या आधीच हे सगळं सांगून टाकलं.

तुम्ही गाडीत एकटे असाल तर जरा अवघड जातं, हे मान्य. तेव्हा मला सायमन वेकर्ट या जर्मन कलाकाराची आठवण कामी येते. नकाशातला रस्ता लाल होतो तो त्या रस्त्यावरचे फोन किती वेगाने सरकताहेत यावरून. या माणसाने 99 जुने स्मार्टफोन एका हातगाडीत भरले आणि ती बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यावरून हळूहळू ओढत नेली. गूगल मॅप्सला वाटलं, केवढी कोंडी झालीय! 2020 मध्ये त्याने हे जगाला दाखवलं. माझ्या फोनवर लाल रेघ उमटली की पुढे कुणी हातगाडी तर ओढत नाही ना, असं मनात येतं आणि खांदे सैल पडतात.

वळशाचा कधी कधी उपयोगही होतो. 2014 च्या फेब्रुवारीत लंडनच्या भुयारी रेल्वेत संप झाला आणि लोकांना दुसऱ्या वाटा धराव्या लागल्या. नंतर अभ्यासकांनी प्रवासाच्या नोंदी तपासल्या, तर साधारण 5 टक्के प्रवासी संप मिटल्यावरही नव्याच वाटेने जात होते. रोजची वाट सगळ्यांत सोयीची आहे, असं ते तोवर धरून चालले होते. आमच्या बसने मात्र दुसऱ्या दिवशी जुनीच वाट धरली.

ते चष्मेवाले काका मला अजूनही बसमध्ये भेटतात. मी विचारते, “आज दारात नाही का न्यायची बस?” परवा म्हणाले, “तुम्ही हसताय, पण पोरगी अजून रोज संध्याकाळी गॅलरीत उभी असते. मी चालत आलेला दिसलो की तिचा पहिला प्रश्न, बस कुठे ठेवली?”