मोडेमच्या फर्मवेअरमधून खुणा केलेलाच कोड काढताना नको तो कोडही बाहेर का येतो?

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात मकरपुऱ्याच्या युनिटमध्ये मोडेमचं फर्मवेअर बनतं, ग्राहकाला ‘द्या-सुरू’ ते ‘द्या-संपलं’ यांमधलाच सी कोड द्यायचाय, पण सेडने (ओळी निवडून छापणारी कमांड) काढलेल्या फाइलीत कधीकधी खुणांबाहेरचा, न द्यायचा कोडही जातो.

घोळ सेडच्या रेंजमध्येच, म्हणजे ‘या खुणेपासून त्या खुणेपर्यंत’ या निवडीतच आहे. शेवटची खूण जुळली नाही तर तो फाइल संपेपर्यंत सगळं छापतो, एररही देत नाही. डोळ्यांना खूण दिसते, मग जुळत का नाही? बहुधा ती ओळ कुणीतरी विंडोजच्या एडिटरमधून टाकलेली असते. शेवटी न दिसणारा सीआर (कॅरेज रिटर्न हे अक्षर) असतो, आणि तुमचा पॅटर्न डॉलरने, म्हणजे ‘इथे ओळ संपते’ या चिन्हाने संपत असेल तर झालंच!

त्याऐवजी ऑकमध्ये (ओळीओळीने मजकूर तपासणारी छोटी भाषा) आठ-दहा ओळी लिहा. आधी सीआर काढा. ‘द्या-सुरू’ आलं की झेंडा (आपण खुणांच्या आत आहोत का ते सांगणारं व्हेरिएबल) 1, ‘द्या-संपलं’ आलं की 0. झेंडा 1 असताना पुन्हा सुरू, 0 असताना संपलं, किंवा एंड ब्लॉकमध्ये (फाइल संपल्यावर चालणारा भाग) झेंडा 1 उरला, तर फाइलचं नाव आणि ओळ छापून एक्झिट 1, म्हणजे ‘चुकलं’ असा निकाल. या ऑकचं आउटपुट पाइपमधून पुढच्या कमांडकडे ढकलू नका. साध्या शेलमध्ये पाइपच्या शेवटच्या कमांडचाच निकाल मेकला (बिल्ड चालवणारं साधन) दिसतो.

मेकफाइलमध्ये डिलीट-ऑन-एरर (कमांड चुकली तर बनत असलेली फाइल पुसणारी सूचना) हवंच, नाहीतर अर्धवट फाइल पुढच्या बिल्डला ‘ताजी’ वाटते.

काढलेला कोड रिकाम्या फोल्डरमध्ये नुसता कंपाइल करून बघा. खुणेबाहेर राहिलेली हेडर किंवा अर्धं इफ-एंडिफ तिथे लगेच सापडतं.