तळाशी आकडा असलेली कुंडी

प्रश्न : आमच्या धरमपेठेतील जुन्या घरात निळसर-जांभळ्या झिलईची एक चिनी कुंडी असून तिच्या तळाशी चिनी आकडा कोरलेला आहे. ती राजवाड्यातील असेल काय? तिच्यात मोगरा लावावा का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : चीनच्या हनान प्रांतात राजवाड्यासाठी घडवलेल्या ‘जून’ नावाच्या प्रकारातील कुंड्यांच्या तळाशी १ ते १० पैकी एक आकडा भाजण्यापूर्वीच कोरलेला असे, १ म्हणजे सर्वांत मोठी आणि १० म्हणजे सर्वांत लहान, त्यामुळे कुंडी आणि तिच्याखालची तबकडी यांची जोडी जुळवणे सोपे जाई. पूर्वी त्या सोंग राजघराण्याच्या काळातील (दहावे ते तेरावे शतक) मानल्या जात, आता बहुतेक अभ्यासक त्यांना पंधराव्या शतकातील ठरवतात. झिलईतील जांभळी छटा तांब्यामुळे येते आणि त्या झिलईत गांडूळ सरपटत गेल्यासारख्या बारीक रेघा दिसतात, ज्या मला त्या रंगाहूनही मोहक वाटतात. मात्र अठराव्या शतकापासून या कुंड्यांच्या नकला होत आल्या आहेत, म्हणून केवळ आकड्यावर विश्वास ठेवू नये. आकड्याच्या खोबणीत झिलई उतरली आहे का, की तो नंतर खरवडला आहे, हे भिंगातून पाहावे. जाणकाराने तपासेपर्यंत तिच्यात माती घालू नये आणि तिला नागपूरच्या उन्हात गच्चीवर ठेवू नये, ही कळकळीची विनंती.