हात न टेकता उठता यावं म्हणून

‘आता या वयात व्यायाम करून काय मिळणार? उलट काही दुखावलं तर?’ ज्येष्ठांशी आणि त्यांच्या मुलांशी बोलताना हा प्रश्न मी सतत ऐकते. विचारणारी माणसं वेगवेगळी, समजूत मात्र एकच: उतारवयात शरीर जपायचं, त्याच्यावर जोर टाकायचा नाही. मला ही समजूत फार नुकसान करणारी वाटते. का, ते एका काकांच्या अनुभवातून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका माझ्याकडे व्यायामासाठी आलेच नव्हते. बाबा डिप्रेशनमध्ये गेलेत असं वाटून मुलगा त्यांना घेऊन आला होता. वय चौऱ्याहत्तर. मित्रांच्या गप्पांत रमणारा, नातेवाइकांकडे काही असलं की सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसणारा माणूस वर्षभरापासून कुणाकडे जायलाच नकार देत होता. कारण विचारलं की ‘कंटाळा येतो’ एवढंच उत्तर. कुणी आग्रह केला की चिडायचे.

पण बोलता बोलता काही गोष्टी जुळेनात. झोप चांगली होती. भूक चांगली होती. वाचन सुरू होतं, नातीबरोबर पत्ते खेळताना ते मनापासून हसायचे. नैराश्यात बहुधा माणसाचा आनंद सगळीकडूनच आटत जातो. काकांचा आनंद घरात शाबूत होता आणि बाहेर जायचा विषय निघाला की नाहीसा होत होता. म्हणून मुलाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मी विचारलं, "काका, शेवटचं कुणाकडे गेला होतात, तेव्हा काय झालं?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांचा सोफा फार खाली होता. मला उठताच येईना. शेवटी दोन पोरांनी काखेत हात घालून उभं केलं. सगळे बघत होते." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "कमोडवरूनही तसंच होतं. घरी बाजूला दांडी आहे. दुसऱ्यांकडे काय करू?"

ज्याला घरचे वर्षभर कंटाळा समजत होते तो हा होता. प्रत्येक आमंत्रण आलं की काका मनात हिशोब मांडायचे: खुर्ची कशी असेल, जिना किती असेल, बाथरूममध्ये धरायला काही असेल का. उत्तर मिळालं नाही की जाणं रद्द. हे कुणाला सांगायचं कसं, तेही त्यांना कळत नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना हात दिला, त्याला ‘मला उठता येत नाही’ हे वाक्य उच्चारणं किती जड जातं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मी त्यांना हात छातीवर घेऊन समोरच्या साध्या खुर्चीतून उठून दाखवायला सांगितलं. दोनदा पुढे झुकले, दोनदा मागे बसले. तिसऱ्यांदा हात टेकले आणि उठले. ही साधी हालचाल डॉक्टरही चाचणी म्हणून वापरतात. हात न लावता पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात ते मोजतात. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर पायांतली ताकद कमी झाल्याची शंका घेतली जाते. काकांना एकदाही उठता येत नव्हतं.

मुलाला आत बोलावून, काकांच्या संमतीने, हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण आम्ही तर त्यांना काहीच करू देत नाही!" तो खरंच सांगत होता. दोन वर्षांपूर्वी काका पायरीवर अडखळले होते. पडले नाहीत, पण घर घाबरलं. त्यानंतर पिशवी उचलायची नाही, जिना चढायचा नाही, पाणी हवं तर हाक मारायची. बसायला हात असलेली उंच खुर्ची आणली. प्रत्येक गोष्टीमागे माया होती. पण मांडीच्या स्नायूंना दिवसभरात जे थोडंफार काम उरलं होतं, तेही या मायेने काढून घेतलं. काम नाही म्हणून ताकद घटली, ताकद घटली म्हणून पडायची भीती वाढली, भीतीपोटी बसणं आणखी वाढलं.

"मी रोज अर्धा तास चालतो, ते व्यायामात धरत नाही का?" काकांनी विचारलं. हा प्रश्नही नेहमीचा, आणि रास्त. चालणं हृदयाला, रक्तातल्या साखरेला, मनाला चांगलंच आहे, ते सोडायचं नाही. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीचे स्नायू आपल्या ताकदीचा थोडासाच भाग वापरतात. खोल सोफ्यातून अंग वर उचलायला त्याहून कितीतरी जास्त जोर लागतो. रोजच्यापेक्षा जास्त काम पडल्याशिवाय स्नायूला मजबूत व्हायचं कारणच मिळत नाही. म्हणून वर्षानुवर्षं नेमाने चालणाऱ्यांनाही खुर्चीतून उठणं जड जाऊ शकतं.

तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. आकार कमी होतो त्यापेक्षा ताकद अधिक वेगाने जाते, कारण स्नायूंना चालवणाऱ्या मज्जापेशीही कमी होत असतात. झटकन आकुंचन पावणारे तंतू जास्त बारीक होतात, आणि अडखळल्यावर पाय पटकन पुढे टाकून तोल सावरायला नेमके तेच लागतात. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकी संशोधक इर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवलं. म्हणजे वैद्यकशास्त्रानेही या गोष्टीकडे नीट लक्ष द्यायला बराच उशीर केला. घराघरांत तिला अजूनही ‘वय झालं’ एवढंच म्हणतात.

मुलाला मात्र धीर येत नव्हता. "पण या वयात ताकद वाढते का?" त्याला मी बोस्टनमधला एक अभ्यास सांगितला. १९९० साली तिथे एका वृद्धनिवासातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त माणसांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायांनी वजन उचलायला लावलं. आठ आठवडे. कार्यक्रम पूर्ण केलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीचा स्नायूही मोजता येईल इतका भरला. माणसं थोडी होती, हे खरं. पण १९९४ मध्ये त्याच संशोधकांनी शंभर जणांवर दहा आठवड्यांचा अभ्यास केला, सरासरी वय सत्त्याऐंशी, तेव्हाही ताकद दुपटीहून अधिक झाली. त्यात आणखी एक गोष्ट दिसली: काही जणांना व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं, त्यांचा अशक्तपणा त्याने हटला नाही. शक्तिवर्धक पावडरचे डबे आणून समाधान मानणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते.

काका इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, "मग मी अजून तरुणच आहे म्हणायचा." त्या दिवशी पहिल्यांदा ते मोकळे हसले.

व्यायाम ठरवणं हे माझं काम नाही. आधी त्यांच्या डॉक्टरांनी रक्तदाब, हृदय आणि सांधे तपासले. मग फिजिओथेरपिस्टने कार्यक्रम आखला. जिममध्ये जायची गरज पडली नाही. मुख्य व्यायाम खुर्चीवरच्या उठाबशांचा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली, घसरू नये म्हणून. तिच्यावर दोन जाड उशा, म्हणजे बैठक उंच होते आणि उठणं जमतं. जमेल तितक्या वेळा उठायचं आणि मुख्य म्हणजे सावकाश बसायचं, धपकन अंग टाकायचं नाही. सावकाश बसतानाही मांडीला चांगलंच काम पडतं. याशिवाय ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीवर हात टेकून जोर काढणं, रबरी पट्टा छातीकडे ओढणं, आणि आधाराजवळ उभं राहून एका पायावर तोल सांभाळणं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत, आणि तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद दोन्ही वाढवणारी हालचाल.

जोर किती लावायचा, यावर फिजिओथेरपिस्टने सांगितलेली खूण मला फार उपयोगाची वाटते. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट पडले पाहिजेत. अगदी सहज झालं तर पुढच्या आठवड्यात थोडं अवघड करायचं, एक उशी कमी करायची. श्वास रोखून जोर लावायचा नाही, त्याने रक्तदाब एकदम चढतो. उठताना श्वास सोडायचा. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप नेहमीपेक्षा वेगळी वाटली तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवायचं.

माझं काम वेगळ्या ठिकाणी होतं. पहिल्याच आठवड्यात काकांचा फोन आला: "मांड्या दुखतायत, बंद करू का?" दुसऱ्या दिवशी सुरू होऊन दोन-तीन दिवसांत ओसरणारं, दोन्ही मांड्यांत सारखं जाणवणारं जडपण हे स्नायूने काम केल्याचं लक्षण असतं. सांध्यात टोचणारी, सूज आणणारी, वाढत जाणारी वेदना वेगळी. हा फरक त्यांना तेव्हा कुणी सांगितला नसता तर व्यायाम तिथेच संपला असता. गुडघेदुखी असलेली पुष्कळ माणसं याच भीतीने थांबतात. खरं तर गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू मजबूत करणं हा उपचाराचाच भाग मानला जातो.

खरी अडचण काकांपेक्षा त्यांच्या मुलाची होती. वडील उठायला लागले की याचा हात आपोआप पुढे जायचा. "ते पडले तर मी स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही," तो म्हणाला. त्याच्या भीतीला खोटं म्हणण्यात अर्थ नव्हता. बाबा पडू शकतात, हे खरंच आहे. पण न हलणारा माणूसही पडतो, आणि सावरायची ताकद नसल्यामुळे जास्त वाईट पडतो. आम्ही एक साधी तडजोड केली. त्याने बाजूला उभं राहायचं, हात मागे बांधायचे, आणि बाबांनी ‘धर’ म्हटलं तरच धरायचं. पाणी बाबा स्वतः आणतील. हलकी पिशवी बाबा उचलतील. काकांना हे व्यायामापेक्षाही जास्त आवडलं असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

पहिल्या काही आठवड्यांत मांडी बघून काही फरक दिसत नव्हता, तरी उठणं सोपं झालं होतं. तसंच होतं. सुरुवातीची ताकद बरीचशी मेंदू आणि मज्जातंतूंमुळे वाढते, असलेल्या तंतूंना अधिक चांगलं कामाला लावायला ते शिकतात. स्नायू भरायला त्यापुढचा काळ लागतो. एक उशी गेली, मग दुसरी.

मग तापाने काका आठवडाभर अंथरुणाला खिळले. बरे होऊन आले ते खचूनच. "सगळं गेलं. पुन्हा उशी लागते." अंथरुणावरचे दिवस उतारवयात फार महाग पडतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतून जवळजवळ एक किलो स्नायू गेला. म्हणून आजारपणानंतरचे आठवडे मी सर्वांत महत्त्वाचे मानते, आणि नेमके तेव्हाच घरचे ‘आता पूर्ण विश्रांती’ म्हणतात. डॉक्टरांनी मोकळीक दिल्याबरोबर काकांनी पुन्हा उशी घेऊन सुरुवात केली. गेलेलं परत मिळवायला पहिल्याइतका वेळ लागत नाही, हे त्यांनी या वेळी स्वतःच अनुभवलं.

जेवणाबद्दल थोडंच सांगते. वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांचा स्नायूंना पूर्वीइतका उपयोग होत नाही. म्हणून तज्ज्ञ निरोगी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात, तीही एका जेवणात न कोंबता दिवसभरात वाटून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आपल्या मनाने करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं.

काका पुढे त्याच नातेवाइकांकडे गेले, ज्यांचा सोफा खाली होता. मी त्यांना तिथे जा असं कधीच म्हटलं नव्हतं, ती जागा त्यांनी स्वतः निवडली. परत आल्यावर त्यांनी मला सांगितलं की उठताना एकदा हात टेकावा लागला. "पण माझाच हात," ते म्हणाले. अजूनही ते आठवड्यातले तीन दिवस सोडत नाहीत. सोडले तर ताकद परत उतरेल हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ‘किती दिवस करायचं’ हा प्रश्न त्यांनी विचारणं बंद केलं आहे.

मध्यंतरी काकू त्यांच्याबरोबर आल्या होत्या. इतके दिवस घरातल्या चिंतेचा सगळा रोख काकांकडे होता. काकूंनी चपला घालताना दाराची चौकट धरली, ते मला दिसलं. विचारल्यावर म्हणाल्या, "माझं काही नाही हो, सवय आहे." त्यांच्या हाडांची घनता कमी असल्याचं आधीच निदान झालेलं आहे. त्यामुळे त्यांना काकांचे व्यायाम जसेच्या तसे करू नका असं सांगितलं. कमरेतून जोराने वाकणं आणि पीळ देणं त्यांनी टाळायला हवं. पुढच्या आठवड्यात त्यांची फिजिओथेरपिस्टकडे भेट ठरली आहे, आणि त्यांना घेऊन काका जाणार आहेत.